गाडीच्या नावाची सव्वा मूठ

त्या गाडीचं वर्णन करायचं तर तिच्यात जे नव्हतं तिथून सुरुवात करावी लागते. इंजिन नव्हतं. मागची बैठक नव्हती. चार दारांपैकी एक नव्हतं, आणि उरलेल्या तीनपैकी एक उघडत नव्हतं, म्हणजे ते असून नसल्यासारखं. पुढच्या नाकाडावर जिथं कंपनीचं नाव असतं तिथं नुसती भोकं होती. क्रमांकाची पाटीही नव्हती. पुढे मी आयुष्यभर वृत्तपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या, आणि वाहनाचा क्रमांक नसलेली बातमी मी वार्ताहराला परत पाठवत असे. त्या नियमाने हे प्रकरणही परत जायला हवं. गाडी विलायती होती यावर सर्वांचं एकमत होतं. ती एका संस्थानिकाची होती असं तिचे मालक सांगत. कोणत्या संस्थानिकाची, याला शेवटपर्यंत दुजोरा मिळाला नाही.

ही गाडी विकत घ्यावी असं ज्यांच्या मनात आलं ते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते जळगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि सायकलवरून शाळेत जात. सायकलखेरीज कोणतंही वाहन त्यांनी चालवलेलं नव्हतं. मात्र मोटारीचं इंजिन कसं चालतं हे ते वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले होते. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. प्रत्येक शब्दाला हाताची एक ठरलेली हालचाल होती, आणि अख्खा वर्ग ती हालचाल करत तो मंत्र म्हणायचा. मीही त्या वर्गातून गेले आहे. गावात कुठंही मोटार बंद पडली की बघ्यांमध्ये आबांचा एखादा माजी विद्यार्थी असे, तो हात वरखाली करून बिघाड कोणत्या टप्प्यात आहे ते सांगे. गाडी त्याने चालू होत नसे. खुद्द आबांनी उघडं इंजिन कधी पाहिलेलं नव्हतं. हे ते वर्गात सांगत नसत, आणि कोणी विचारतही नसे.

आमचं घर तीन खोल्यांचं होतं आणि मागे पत्र्याची शेड होती. घरातली सर्वांत मोठी जागा तीच, आणि ती आईची होती. उन्हाळ्यात तिथं बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, व्हायचे, बाकी वर्षभर केळ्यांचे वेफर. गल्लीतल्या पाच-सहा बायका सकाळी आपापली कामं उरकून यायच्या. कच्च्या केळ्यांच्या साली निघत, त्यांच्या चिकाने सगळ्यांची बोटं काळी पडलेली असत. किसणीचा एकसारखा आवाज, मग कढईत चकत्या पडल्या की तेलाचा फसफसाट, आणि त्या दोन्हींच्या वर बायकांचं बोलणं. घरात आई हळू बोलायची. शेडमध्ये तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. कोणाचा नवरा काय म्हणाला, कोणाच्या सासूने दूध कुठं दडवलं, सगळं तिथं तळून निघायचं. आबा शाळेतून आले की शेडच्या दाराशी खाकरून उभे राहत, म्हणजे विषय बदलायला वेळ मिळावा. स्वतःच्या घरात खाकरून शिरणारा माणूस मी नंतर दुसरा पाहिला नाही.

गाडीची खबर आबांना धुळ्यात लागली. ते तिथं पेपर तपासायला गेले होते. घरी परतले त्या संध्याकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा होता. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून ठेवला.

"धुळ्याला एक गाडी आहे," ते म्हणाले. "जुनी. थोडी अपुरी आहे. दुरुस्त करता येईल."

"कोणाला?" आईने विचारलं.

"मला."

आईने ठेच्यावर तेल घातलं. "आणि ठेवणार कुठं?"

आबांनी हातातला तुकडा तोंडात घातला. त्यांनी शेडच्या दिशेने पाहिलंही नाही, आणि त्या न पाहण्यातूनच आईला उत्तर कळलं. गल्ली इतकी अरुंद होती की हातगाडी समोरून आली तर म्हैस मागे सरायची. गाडी ठेवायला एकच जागा होती. दोन वस्तू एकाच वेळी एकच जागा व्यापू शकत नाहीत, हे आबा आठवीला शिकवत.

पुढच्या रविवारी आबा गाडी नीट बघायला निघाले तेव्हा आईने मला सोबत धाडलं. मी तेव्हा कॉलेजात होते, घरात सगळे मला बेबी म्हणत. "तू जा," आई म्हणाली, "आणि तिथं हो म्हणू देऊ नको." बसमध्ये बसल्यावर आबा म्हणाले, "बरं झालं तू आलीस. तू नीट बघ आणि घरी आईला समजावून सांग." दोन्ही बाजूंनी मला आपलं माणूस समजलं होतं. या स्थितीला पत्रकारितेत तटस्थता म्हणतात, हे मला खूप उशिरा कळलं.

गाडीचे मालक ढेपेचे व्यापारी होते. मूळचे मारवाडातले, पण धुळ्यात इतक्या पिढ्या काढलेल्या की ते गिऱ्हाईक पाहून भाषा बदलत. पेढीवर सरकीच्या ढेपेचा उग्र, पोटात जाणारा वास भरून राहिला होता. शेठ एका रुंद, लालसर चामड्याच्या बैठकीवर मांडी घालून बसले होते. मागच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमागे गाडी उभी होती. टपावर कबुतरं होती. शेठनी हुसकावलं, कबुतरं उडाली नाहीत.

आबा गाडीभोवती फिरले. मीही फिरले. मग आबांनी बॉनेट उचललं आणि आत बघत राहिले. आत एक रिकामी ढेपेची गोणी होती.

"इंजिन?" आबांनी विचारलं.

"मास्तर, बठ्ठं शे," शेठ म्हणाले. "फक्त आठे नही." मग माझ्याकडे पाहून त्यांनी तेच शहरी मराठीत सांगितलं, "सगळं आहे हो. फक्त इथं नाही."

"मग कुठं आहे?"

"इंजिन बोदवडला. आमच्या साडूच्या मळ्यात विहिरीवर बसवलंय. अजून पाणी ओढतं, इतकं चांगलं आहे. हंगाम नसेल तेव्हा ते काढून देतील."

"हंगाम कधी नसतो?" मी विचारलं.

"ते त्यांना विचारावं लागंल."

"आणि हे दार?"

"पिंपळनेरला. भाच्याच्या गोठ्याला लावलंय. काच खालीवर होते ना, म्हशीला वारा लागतो."

"मागची बैठक?"

शेठ थोडे अवघडले. आम्ही मघाशी पेढीवर बघितली होती तीच ती. "ती तेवढी मागू नका, मास्तर. दिवाळीला तिच्यावर पूजा होते. गाडी विकली तर चालंल, गादी विकता येत नाही."

कोणीही शहाणा माणूस इथं उठला असता. आबा उघडणाऱ्या दारातून आत गेले आणि पुढच्या बैठकीच्या सांगाड्यावर, एका उलट्या डब्यावर बसले. स्टिअरिंगचं चक्र मात्र होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. त्यांचा उजवा पाय कशावर तरी दाबला गेला, काहीतरी कुरकुरलं आणि सुटं झालं. आबांचा चेहरा मी वर्गातला पाहिला होता, घरातला पाहिला होता, देवळातला पाहिला होता. हा चेहरा नवा होता. वर्षानुवर्षं हवेत हात फिरवून जे दाखवलं ते एकदा खरंच आपल्या हाताखाली फिरावं, एवढंच त्यावर होतं. मी आईचं माणूस म्हणून गेले होते. त्या क्षणी माझी बाजू थोडी डळमळली, अशी नोंद करते.

आबांनी खिशातून सुतळी काढली. गाडीची लांबी मोजून एक गाठ, रुंदी मोजून दुसरी गाठ. शेठ म्हणाले, "अहो, पट्टी देऊ का?" आबा म्हणाले, "नको, हीच घरी न्यायची आहे." निघताना शेठनी उत्तर मागितलं. आबा म्हणाले, "कानबाईचे रोट होऊ द्या. मग सांगतो." शेठनी मान डोलावली. कानबाईच्या सणाआधी आमच्याकडे कोणी नवी वस्तू ठरवत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर आबांनी तीच सुतळी शेडमध्ये पसरली. केळी सोलणाऱ्या बायका पाय आखडून भिंतीला सरकल्या. सुतळी बरोबर बसली. फक्त कढईची चूल मधे येत होती.

"चूल बाहेर घेता येईल," आबा म्हणाले.

"आणि आम्हाला?" एक जण म्हणाली.

आबा विज्ञानाचे शिक्षक होते, त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "दोघी-तिघी बसतील कडेने." किसणीचा आवाज सुरू झाला, आणि तो नेहमीपेक्षा बराच जोरात होता. आई मान खाली घालून केळी सोलत राहिली. शेडमध्ये ती हळू बोलली नाही की जोरात बोलली नाही, बोललीच नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, लुगडं चढवून तिची स्थापना होते, सोमवारी ती जाते. तिच्या नैवेद्याचे रोट म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. रोटाचे गहू पायलीने किंवा किलोने घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. रोट भावकीबाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्या घरात पुरुष एकच. त्यामुळे आबांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, ती दरवर्षी पिंपळनेरहून येऊन तेच बोलायची: एवढ्याशा गव्हाने जात्याचं तोंडही ओलं होत नाही. मग बाकीचे गहू असेच मिसळले जायचे, पण ते मोजलेले नसायचे. आई आणि मी ते न मोजलेले रोट खात होतो. याचं आम्हाला त्या वर्षापर्यंत काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी अक्का आली तीच गाडीचं नाव घेत. "गाडी ली राहिना म्हने तू, भाऊ?"

"बघतोय."

"इंजिन नही, दार नही, मंग शे काय तिनामा?"

"बाकी सगळं आहे," आबा म्हणाले. शेठचा गुण त्यांना लागला होता.

अक्काचा भावावर फार जीव. लहानपणी त्याला कडेवर घेऊन ती शेतात गेलेली, आणि त्याने मागितलेलं काही तिला नाकारता येत नसे. कानबाईच्या आदल्या दिवशी अंगणात धुतलेले गहू पसरले होते. अक्का ताटापाशी बसली, भावाचं नाव घेऊन मूठ काढली, वर पाव मूठ टाकली. मग तिने पुन्हा हात घातला.

"ही कोणाची?" आईने विचारलं.

"गाडीनी. घरमा येवानी शे ना? मंग तिनी मूठ निंघाले पाहिजे."

गहू टोपल्यात पडले. आईने हातातली चाळणी खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले. मला वाटलं ती रडेल, पण ती अगदी सहज म्हणाली, "बरं झालं अक्का. मोजलेली माणसं दोन झाली. आता दळण मोजलेल्यांनी करावं. बेबी, चल." आणि मला घेऊन ती शेडमध्ये गेली, चुलीपाशी पाट टाकून बसली.

रोटाचं पीठ गिरणीत जात नाही. घरच्या जात्यावर, घरच्याच माणसाने, आंघोळ करून दळायचं. अक्काचे गुडघे जात्यापाशी बसू देत नव्हते. गाडी धुळ्यात होती. राहिले आबा.

शेडच्या पत्र्याला एक भोक होतं, तिथून सगळं दिसत होतं. आबा सोवळं नेसून जात्याशी बसले. खुंटा धरला. पहिला फेरा छान गेला. दुसऱ्या फेऱ्याला गहू बाहेर उडाले. अक्का बाजूला बसून सूचना देत होती आणि त्या एकमेकींना छेद देत होत्या.

"हळू फिरव. थांबू नको. घास कमी टाक. इतला कमी नको."

"अक्का, तू जरा गप्प बस."

"माय वं, कानबाई बठ्ठं देखस हां."

"बघू दे. तिने येऊन फिरवावं."

आबांनी जात्याचा वरचा दगड उचलून खाली पाहिलं. पिठाऐवजी रवा पडत होता, आणि तोही रुसून. थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "कॉम्प्रेशन होतंय. पॉवर येत नाही." माझ्या शेजारी आईचे खांदे हलले. ती हसत होती. पण उठली नाही.

अर्धी टोपली झाली तेव्हा आबांनी हात उघडून पाहिले. मग ते उठले, शेडच्या दाराशी आले आणि सवयीने खाकरले.

"या," आई आतून म्हणाली.

ते आत आले. भिंती, चूल, खुंटीवरच्या किसण्या, कोपऱ्यातला केळ्यांचा घड, सगळीकडे त्यांनी एकदा नजर फिरवली. सुतळी अजून खिळ्याला लटकत होती. ती त्यांनी काढली आणि गुंडाळून खिशात टाकली.

"गाडी आणत नाही," ते म्हणाले.

"दळण जमेना म्हणून?"

आबांनी विचार केला. प्रश्न कोणताही असो, ते आधी विचार करत. "दळण मला जमेल. वेळ लागेल. पण तू इथं गप्प बसलीस की घर कसं होतं, ते मी आज तिकडून ऐकलं. इथून काहीच आवाज नव्हता."

आईने पाट उचलून भिंतीला लावला. मग म्हणाली, "येते. पण आधी मला मोजा. आणि बेबीला."

अक्का ओसरीतून ओरडली, "बायास्नी मूठ नही निंघत, सुमन. आजपावत नही निंघनी."

"गाडीची निघाली," आई म्हणाली.

आम्ही तिघं बाहेर आलो. आबांनी ताट अक्कापुढे सरकवलं. ती बराच वेळ कानबाईच्या रिकाम्या पाटाकडे बघत बसली, परवानगी मागावी तशी, आणि मग तिने हात घातला. एक सव्वा मूठ आईची. एक माझी. माझी मूठ तिने जरा गच्च भरली, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. मग आईने जात्याचा खुंटा धरला, आणि समोरून आबांनी. उरलेलं दळण दोघांनी केलं.

गाडीची मूठ परत काढावी असं मी सुचवलं. अक्का म्हणाली, "निंघेल मूठ परत जात नही. आते ती घरनी. तिना वाटाना रोट तिले भेटालेच पाहिजे."

त्यामुळे कानबाई गेल्यावर, पौर्णिमेच्या आत, मी आणि आबा स्टीलचा डबा घेऊन पुन्हा धुळ्याच्या बसमध्ये बसलो. डब्यात गाडीच्या वाट्याचा रोट आणि गंगाफळाची भाजी होती. शेजारच्या माणसाने वास घेऊन विचारलं, "कोणाकडे चाललात?" आबा म्हणाले, "नातेवाइकांकडे."

गोदामात आबा त्याच उलट्या डब्यावर बसले, चक्राच्या मागे, आणि डबा उघडून गाडीच्या वतीने रोट खाऊ लागले. शेठ दाराशी उभे होते. त्यांनी पाण्याचा तांब्या आणला.

"मला नाही का देणार, मास्तर?"

"देता येत नाही, शेठ. भावकीबाहेर जात नाही."

"आणि गाडी भावकीत?"

"मूठ निघाली तिची."

शेठना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्यांना गादी विकता येत नाही त्यांना हे समजतं. "मग नेताय ना?"

"नाही."

"भावकीतली आहे, आणि नेत नाही?"

आबांनी घास गिळला. "भावकीतले सगळे एका घरात राहतात कुठं, शेठ."

शेठ हसले, आबाही हसले. मग आबांनी शेवटचा घास खाल्ला, चक्रावरून एकदा हात फिरवला आणि उतरले. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, फोड आलेले, आणि बोटं मधून मधून वरखाली होत होती.

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की पेढीच्या जागी दुकानांची इमारत उभी आहे. शेठ गेले, अक्का गेली, आबाही गेले. गाडीचं काय झालं हे मी कचेरीत असताना अनेकांना विचारलं, तेवढा अधिकार मला होता. कोणी म्हणालं नाशिकला गेली, कोणी म्हणालं लग्नाच्या मिरवणुकीला भाड्याने देतात, कोणी म्हणालं भंगारात. एकाही गोष्टीला दुसरा साक्षीदार मिळाला नाही.

आई आता खूप थकली आहे. शेड आहे, कढई नाही, केळ्यांच्या चिकाचे डाग फरशीवर आहेत. श्रावणात मी गहू धुऊन तिच्यापुढे ताट ठेवते. मेलेल्यांची मूठ निघत नाही, त्यामुळे आबांची निघत नाही. एक तिची, एक माझी. मग ती थांबते आणि विचारते, "गाडीची घेतलीस?" गाडी भंगारात गेल्याची पक्की बातमी नाही, आणि पक्की बातमी येईपर्यंत कोणाला मेलेलं धरायचं नाही, हे मी आयुष्यभर कचेरीतल्या पोरांना शिकवलं. मी गाडीची सव्वा मूठ काढते. तिच्या वाट्याचा रोट मी शेडमध्ये बसून खाते. आत शिरण्याआधी दाराशी एकदा खाकरते.